आईच्या खोलीतली फळी

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. अशा गल्लीत राहून ज्याला पाण्यावर उभं राहायची फळी घरी बनवावीशी वाटते, त्याच्या डोक्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. मी सांगणारही नव्हतो. पण त्या फळीपायी आमच्या घरातून आई गेली. गेली म्हणजे अकोल्याला गेली, दादाकडे. ठणठणीत आहे, अजूनही फोनवर मला झापते. पण ती आमच्याकडे राहायची आणि आता राहत नाही, एवढं खरं.

आधी फळी म्हणजे काय ते सांगतो. साडेदहा फूट लांब, माणसाच्या खांद्यांहून थोडी रुंद, पुढच्या टोकाला निमुळती. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागं सारायचं. कोकणात सहलीला गेलो होतो तेव्हा तासाभरासाठी भाड्यानं मिळाली. त्यातला बराच वेळ मी फळी सोडून सगळीकडे होतो. पुढं, मागं, खाली. शेवटी काही मिनिटं मात्र उभा राहिलो. किनाऱ्यावरचा कलकलाट ऐकू येईनासा झाला, पायांखाली पाणी हललं, आणि मी गप्प होतो. मी अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. गप्प राहायची मला सवय नाही. ते फार आवडलं.

घरी आल्यावर डोक्यात तेच. अशी फळी विकत मिळते हे ठाऊक होतं. पण दरवर्षी पॉलिमरचा धडा शिकवणाऱ्या माणसानं थर्माकोल आणि इपॉक्सीची वस्तू विकत आणायची, हे मला हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणण्यासारखं वाटलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. थंड देशांतले दाढीवाले लोक गॅरेजमध्ये थर्माकोलचा भला मोठा ठोकळा कापतात, घासून त्याला आकार देतात, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरतात आणि वरून इपॉक्सी ओततात. इपॉक्सी म्हणजे मधासारखं दाट रेझिन; त्यात हार्डनर मिसळला की काही तासांत दगड. मागं मंद गिटार वाजत असते. ते सगळे स्वेटर घालून काम करत होते. मी गिटार ऐकली, स्वेटर पाहिले नाहीत.

आमचं घर स्वयंपाकघर सोडून तीन खोल्यांचं. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही आणि पावसाळ्यात स्कूटर. आमची झोपायची खोली चौकोनी. साडेदहा फुटांची वस्तू ठेवून तिच्याभोवती फिरता येईल अशी एकच खोली, आईची. लांबट, उत्तरेला खिडकी, आणि त्या खिडकीत घरातला सगळ्यात मोठा कूलर.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. वलगावकडच्या खेड्यांमध्ये तिनं नोकरी काढली. आजही बाजारात एखादी बाई आपल्या मिशीवाल्या पोराला पुढं ढकलते आणि म्हणते, "पाया पड. या सिस्टरनं काढलं तुले." बाबा गेल्यावर आई राहणार कुठं हा प्रश्न आला. दादा अकोल्याला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. वरच्या मजल्यावर फ्लॅट, प्रत्येक खोलीत एसी. आमच्याकडे कूलर. आई म्हणाली, "मी इथंच राहतो. अकोल्याले लिफ्टमधे कोणाशी बोलू?" लहान असून मी जिंकलो होतो, आणि ते त्याला कधी विसरू दिलं नाही. तो रविवारी फोन करायचा, "आई काय म्हणते? गर्मी तर नाही होऊन रायली तिले?" मी म्हणायचो, "मजेत आहे. तिले इथंच करमते." त्यातल्या 'इथंच'वर थोडा जोर देऊन.

अशा आईकडे मी एप्रिलच्या शेवटी जाऊन बसलो. ती पलंगावर पाय लांब करून कैरी चिरत होती.

"आई, तुझी खोली पाहिजे होती. आठ दिवस."

"काहून? पाहुणे येऊन रायले का?"

"नाही. एक फळी बनवतो म्हणतो. पाण्यावर उभं राहाची."

आईनं चष्मा कपाळावर चढवला. एखाद्या रोग्यानं दुखणं लपवलं असेल तर ती अशी पाहायची.

"उभं राहून काय करतं तू तिच्यावर?"

"वल्हं मारतो. पुढं जातो."

"बसून नाही जात का पुढं?"

"जाते. पण उभं राहण्यात मजा आहे."

"उभं तर तू रोज राहतं लेका, क्लासमधे. तिथं मजा नाही येत का?"

दारात उभी असलेली बायको हसली. मग गंभीर झाली. "अहो, मे महिना तोंडावर आहे. आईंची खोली काहून घेता? शाळा-कॉलेजचा हॉल पाहा एखादा, नाहीतर पावसाळा संपू द्या."

"आठच दिवस," मी म्हणालो.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "मी जातो दादाकडे आठ दिवस. त्याच्या एसीचं बी समाधान होईल. नुसता लावून ठेवते बिचारा, बसाले कोणी नाही." आणि कैरीची फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "पण हातमोजे घालजो. तुले लहानपणापासून कशाचं बी गांधी उठते अंगावर."

मी तिला एसटीत बसवून आलो. पिशवी लहान होती. कोनाड्यातली बुद्धमूर्ती, जिच्यापुढं ती रोज सकाळी वंदना म्हणायची, ती तिनं तिथंच ठेवली. मूर्तीवर एक पातळ ओढणी टाकली आणि मला सांगितलं, "धूळ उडू देऊ नको."

धूळ उडाली नाही. थर्माकोल उडालं. लग्नाचे स्टेज सजवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी मोठाले ठोकळे आणले, ते एकमेकांना चिकटवले, आणि जुन्या शेगडीची तार तापवून कापायला लागलो. तार तापली की लोण्यासारखं कापलं जातं, हे खरं. पण तार मध्येच थंड होते, मग आपण जोर लावतो, मग ठोकळा फाटतो आणि साबुदाण्यासारखे पांढरे दाणे सुटतात. ते अंगाला चिकटतात, भिंतीला चिकटतात, झाडूला चिकटतात. झाडलं की दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा चिकटतात. गर्मी असह्य झाली म्हणून मी कूलर लावला. पुढचं सांगायला नको. बायकोनं दार उघडलं तेव्हा मी बर्फवृष्टीत उभा होतो. भर मे महिन्यात राजापेठेत बर्फ पडला, आणि तो आमच्या वरणात, उशांत आणि शेजाऱ्यांच्या वाळवणात आठवडाभर सापडत होता. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "काय वो सर, घरात लग्न काढलं का?"

तरी आकार आला. अगदी सुरेख नाही, पण फळी आहे हे सांगावं लागलं नसतं. पलंग तोवर मी खोलून मागच्या गॅलरीत उभा केला होता. त्याच्या जागी दोन स्टुलं, स्टुलांवर फळी. मी दिवसातून दहा वेळा जाऊन तिच्या कडेवरून हात फिरवायचो. आईचा फोन आला, "झालं का रे?" मी म्हणालो, "आता फक्त इपॉक्सी. दोन दिवस."

इपॉक्सीचा पहिला मगा पेटता पेटता राहिला. रेझिन आणि हार्डनर एकत्र झाले की उष्णता निर्माण होते, हे मी फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतो. बाहेर ऊन चव्वेचाळीसच्या वर. मी मगाभर मिश्रण एकदम केलं, ते बाजूला ठेवलं आणि कापड सरळ करत बसलो. मागं फसफस ऐकू आली. मग्यातून धूर निघत होता, आणि प्लास्टिकचा मगा स्वतः खाली बसत होता, थकलेल्या माणसासारखा. मी तो बाथरूममध्ये फेकला. तिथं आजही फरशीवर पिवळा गोल डाग आहे. बायको त्याला माझी डिग्री म्हणते.

मग मी डोकं चालवलं, आणि खरा घोटाळा तिथं झाला. इपॉक्सी तापते ना? मग खोली थंड करायची. वऱ्हाडात खोली थंड करायची म्हणजे काय करायचं, हे विचारावं लागत नाही. मी कूलरच्या टाकीत पाणी भरलं, त्याच्या गवताच्या ताट्या ओल्या केल्या आणि पूर्ण वेगानं वारा फळीवर सोडला. रात्रंदिवस. इपॉक्सीच्या डब्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की जागा कोरडी असावी. मी वाचलंही होतं. पण आमच्याकडे कूलरला कोणी पाणी समजत नाही. कूलर म्हणजे कूलर. मार्चमध्ये त्याचं गवत बदलायचं, पाऊस येईपर्यंत तो बंद करायचा नाही. त्याच्यासमोर पाहुणे बसतात, अभ्यास होतो, लग्नं जुळतात. त्याच्यासमोर वस्तू ओली राहील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि हार्डनर हवेतली ओल ओढून घेतो, हे माझ्याच नोट्समध्ये आहे.

तीन दिवसांनी फळीवर हात ठेवला तर भजी तळलेल्या कढईवर ठेवल्यासारखं वाटलं. बुळबुळीत, आणि वर दुधाळ साय. आठवडा झाला तरी तसंच. मी वाट पाहिली. कूलर जोरात चालू ठेवून वाट पाहिली. मग कंटाळून त्याच तेलकट थरावर आणखी एक कापड अंथरून इपॉक्सीचा दुसरा हात दिला. साबणाच्या पाण्यानं पुसून घासून मग दुसरा हात द्यायला हवा होता, हे मला नंतर कळलं. मला बऱ्याच गोष्टी नंतर कळतात.

"झालं का रे?" आईचा फोन.

"वाळून रायलं आई. दोन दिवस."

"दोन दिवस, दोन दिवस करून महिना झाला ना बाबू."

"तिथं एसी आहे ना तुले?"

"एसी आहे," ती म्हणाली. "कूलरचा आवाज नाही. झोप नाही लागत."

मी म्हणालो, "लागेल सवय." सहज म्हणालो. फोन खिशात टाकून पुन्हा फळीकडे गेलो.

न वाळणाऱ्या वस्तूचं आमच्या घरात एकच औषध. ऊन दाखवायचं. लोणचं, गाद्या, डाळ, उशा, ओल धरलेली पुस्तकं, सगळ्याला ऊन. मी आणि बायको दोघांनी फळी गच्चीवर चढवली आणि काकूंच्या कुरडयांच्या रांगेशेजारी ठेवली. सकाळी छान दिसत होती. दुपारी जेवून वर गेलो तर फळीच्या मध्यावर एक टम्म पुरी फुगली होती. परातीएवढी. आतल्या थर्माकोलमधली हवा तापली, पसरली आणि तेलकट थरावरचं कापड तिनं अलगद उचललं. दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं. काकू कुरडया उलटत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तेलात टाकता का आता?"

ती पुरी कापली, तिच्याखालचं तेवढंच घासलं, पुन्हा कापड, पुन्हा इपॉक्सी. या वेळी कूलर बंद ठेवला. बनियन पिळून घामाची बादली भरली असती. त्यात जून निम्मा गेला. गॅलरीत उभा केलेला आईचा पलंग वळवाच्या एका सरीत भिजला आणि त्याची प्लाय फुगली. मी म्हटलं, करू दुरुस्त. आणि फळी तयार झाल्यावर वलगावच्या पुढच्या माझ्या मित्राला फोन केला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो वांगी आणि शेवंती लावतो, आणि त्याच्या वावराला लागून पाझर तलाव आहे.

"तलाव कसा आहे?" मी विचारलं.

"मस्त आहे. पोट्टे क्रिकेट खेळून रायले."

"कुठं?"

"तलावात. अबे मास्तर, जून आहे! पाणी कुठं राहते?"

म्हणजे फळी होती, पाणी नव्हतं. आता पोळ्यापर्यंत थांबणं भाग. तोवर फळी ठेवायची कुठं? गच्चीवर फुगते, गॅलरीत भिजते, हॉलमध्ये मावत नाही. ती आईच्या खोलीत राहिली.

आणि त्याच रविवारी आई आली. न कळवता. स्वतःच्या घरी यायला कोण कळवतं? दादानं कारनं आणलं; रात्र इथं काढून तो सकाळी परतणार होता. हातात तीच लहान पिशवी. ती सरळ आपल्या खोलीकडे गेली आणि दारात थांबली.

खोलीला रेझिनचा उग्र वास होता, तो आजही पूर्ण गेलेला नाही. फरशीवर वर्तमानपत्रं चिकटलेली. कोपऱ्यात कापडाचे तुकडे, ब्रश, वितळलेले डबे. पलंगाच्या जागी ती साडेदहा फुटांची पांढरी वस्तू, पांढऱ्या चादरीखाली. नोकरीत आईनं तशा चादरीखाली काय काय पाहिलं असेल. ती म्हणाली, "कोण गेलं रे?" आम्ही सगळे हसलो. दादा पण हसला.

मग तिला खोकला आला. ती हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसली. बायको पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजच्या आज काढा ती फळी. उभी करा रस्त्यावर."

"रस्त्यावर कशी उभी करू? तुटेल ना."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. दादानं मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आई त्या रात्री हॉलमध्ये दिवाणावर झोपली. सकाळी मी क्लासला निघालो तेव्हा ती आपल्या खोलीत होती. तिनं कोनाड्यातली बुद्धमूर्ती उतरवली, ओढणीला चिकटलेले थर्माकोलचे दाणे एक एक करून टिपले, मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मी दारात बूट घालत होतो.

"मी जातो वापस दादासंगंच," ती म्हणाली. "तिकडं एका बाईची शुगर पाहाची आहे. तुयं होऊ दे निवांत."

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. मला हायसं वाटलं. आता घाई नाही, दसऱ्यापर्यंत फळी इथं ठेवता येईल, असं वाटलं. आई मूर्ती घेऊन चालली आहे हे मला दिसत होतं. मी तर तिच्या हातातली पिशवी घेऊन कारपर्यंत पोचवून आलो.

सप्टेंबरात तलाव भरला. मित्राच्या टेम्पोवर बांधून फळी वलगावला नेली. मित्रानं अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. काठावर शेवंतीचे हार करणाऱ्या बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, पोरं झाडावर. मी लाइफ जॅकेट घातलं, कारण मित्र म्हणाला की नाहीतर तो मला पाण्यात उतरू देणार नाही. त्याला पंचनाम्याची सवय नाही. फळी पाण्यात सोडली. तरंगली. खरं सांगतो, इतकी हलकी तरंगली की मला पुढं होऊन तिची कड धरावी लागली. मी गुडघ्यांवर बसलो, मग एक पाय टेकवला, मग दुसरा. उभा राहिलो. काठावर टाळ्या पडल्या.

दोन वल्ही मारली. पुढं गेलो. अजून दोन. कोकणातला तो गप्पपणा आता येईल म्हणून मी थांबलो. तेवढ्यात काठावरून एका म्हातारीचा आवाज आला, पाण्यावरून एकदम स्पष्ट.

"हे आपल्या सिस्टरचं पोरगं होय ना? काहून रे बाप्पा, सिस्टर नाही आली का पाहाले?"

"अकोल्याले आहे," मी उभ्या उभ्या ओरडलो.

"अकोल्याले काहून? ते तर तुयापाशी राहे ना?"

मी वळून पाहायला गेलो, वजन मागच्या पायावर आलं, आणि पायाखालचं कापड सरकलं. फुटलं नाही, तुटलं नाही. केळीच्या सालासारखं अख्खं सुटलं. त्या तेलकट थरावरचा दुसरा हात पूर्णच्या पूर्ण बाजूला झाला. फळी पुढं गेली, साल माझ्या पायाखाली राहिलं आणि मी तोंडावर पाण्यात. वर आलो तेव्हा लोक इतके हसत होते की झाडावरचं एक पोरगं खाली पडलं. मीसुद्धा हसलो. पाणी ओकता ओकता हसलो. मित्र म्हणाला, "मास्तर, तुमी उभं राहून शिकवत जा फक्त."

ती फळी आता त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला पावसात झाकण म्हणून आहे. त्या कामाला चांगली आहे म्हणतो.

मी लगेच खोलीला लागलो. भिंती घासल्या, रंग दिला, फरशीवरची वर्तमानपत्रं गरम पाण्यानं सोडवली. नवा पलंग केला. नवी गादी. कूलरचं गवत बदललं, थंडी तोंडावर असताना. पडदे बायकोनं शिवले. मग मी अकोल्याला गेलो, आईला आणायला.

दार दादानं उघडलं. आत जेवणाच्या टेबलाशी आई एका बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून बसली होती. बाजूला आणखी दोघी आपला नंबर यायची वाट पाहत होत्या. लिफ्टमध्ये बोलायला कोणी नाही म्हणणारी ही बाई त्यांना दटावत होती, "लोणचं खाऊन आली तू. खोटं बोलू नको, यंत्राले कळते." खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात बुद्धमूर्ती होती. पुढं ताजी फुलं.

बाया गेल्यावर मी म्हणालो, "आई, खोली मोकळी झाली. रंग दिला. नवा पलंग आहे. चाल."

दादा उठून आत जायला लागला. मी वाट पाहत होतो की तो आता काहीतरी बोलेल. 'तिले इथंच करमते' असं, 'इथंच'वर जोर देऊन. त्याचा हक्कच होता. तो एवढंच म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं," आणि गेला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आई पट्टा गुंडाळत होती. "येईन ना. थंडीत येतो मी पाहुणी."

"पाहुणी काहून? राहाले चाल."

"तसं नाही बाबू." तिनं पट्टा डबीत ठेवला. "मी आली ना इथं, तर कितीक दिवस पिशवी भरूनच ठेवली होती. फोन वाजला का मले वाटे, आता तू म्हणशील, ये म्हणून. तू म्हणे, दोन दिवस. मंग मी पिशवी तशीच ठेवू. जूनमधे येऊन पायलं मंग. वापस आल्यावर रिकामी केली. लुगडे कपाटात लावले. तुया वहिनीनं एक कप्पा मोकळा करून ठेवलाच होता पहिल्या दिवसापासून, मीच लावत नव्हती."

"तुले राग आला आहे."

"राग कायचा रे? तू खोली मांगितली तवा मले बी नाही म्हणता आलं असतं. माया तोंडात काही औषधाची गोळी नव्हती. पण मी 'नाही' म्हणलंच नाही. मले वाटलं, पोरगं हौस करून रायलं, करू दे." मग नर्सच्या आवाजात, प्रकरण मिटवून टाकत, "जेवून जा. वहिनीनं वांग्याची भाजी केली आहे. तुले आवडते तशी नाही, पण खा."

मी जेवलो. एसटीत खिडकीला डोकं टेकवून मूर्तिजापूरपर्यंत बोलायची वाक्यं जुळवत होतो. सगळी छान जुळली. पण बस अमरावतीकडे चालली होती.

जानेवारीत ती आली, म्हणाल्याप्रमाणे, चार दिवस. यायच्या आधी बायकोला फोन करून विचारलं, "तुमचं काही आहे का या आठवड्यात? नाहीतर पुढच्या येईन." तिनं नव्या पलंगाचं कौतुक केलं, पडद्यांचं केलं. पलंगाच्या कडेवर बसायची, मागं टेकायची नाही. पिशवी खुर्चीवरच होती. त्यातून एक एक लुगडं काढायची आणि वापरून परत त्यातच घडी घालून ठेवायची. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायकोला म्हणाली, "चहा ठेवू का गं? चालते ना?" ज्या ओट्यावर तिनं मला भाजी चिरायला शिकवली, त्या ओट्यापाशी ती चालते का म्हणून विचारत होती. बायकोनं घाईनं गॅसकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. आई आंघोळीला निघाली आणि हॉलमध्ये थांबली. समोर दोरीवर आमचे सगळे टॉवेल वाळत होते.

"बाबू," ती म्हणाली, "टॉवेल कोणता घेऊ?"

"कोणता बी घे ना आई."

"नाही, तू सांग," ती म्हणाली, आणि मी उठून देईन तो घ्यायला हात पुढं करून उभी राहिली.